उसनवारी

धनकवडीच्या या इमारतीत भिंती एका विटेच्या.
पलीकडे कुकरच्या शिट्ट्या झाल्या की
इकडे मी मोजते.
तसेच मोजत आले तिकडचे आवाज :
आधी कपाटाचं दार,
मग त्याचा चढत जाणारा स्वर,
मग मंगलचं, "हळू बोला, पोरगी उठेल",
आणि मग ती शांतता
जिच्यात चार वर्षांची एक मुलगी
जागी असल्याचं कळतं.

तिसऱ्या आवाजाच्या आत
मी वाटी घेऊन दार वाजवायचे.
"साखर आहे का हो?"

परक्या माणसासमोर आवाज उतरतो,
उंबऱ्याबाहेर चप्पल काढावी तसा.
तो पंख्याकडे बघायचा,
मंगल साखर ओतताना सांडायची,
आणि मी उगीच आठवल्यासारखं म्हणायचे,
"जुई, येतेस का? बटणं निवडायचीत."

किलोकिलोनं साखर साठली माझ्याकडे.
मला मधुमेह.
मुंग्यांची मात्र चैन झाली.

जुई मशीनखाली बसायची,
पायडलशेजारी, गुडघे पोटाशी.
मी काही विचारलं नाही.
मी फॉल-पिको करणारी बाई,
मला फाटलेलं कुठून धरायचं एवढं कळतं :
भोकापासून नाही,
जरा लांबून,
जिथं कापड अजून धड आहे.

म्हणून बटणं.
ती त्यांना नावं ठेवायची, चांगली नावं.
हे शाळेत जातं. हे रडतं, पण खोटं खोटं.
हे काळं, चार भोकांचं, ओरडतं;
त्याला डबीत पालथं घालायचं,
"गप झालं की काढू."
खालून कात्रजची बस गेली की मशीन थरथरायचं.
मी म्हणायचे, बस आहे.
ती म्हणायची, बस आहे.
कितीदा म्हटलं असेल.

एकदा जिन्यात मंगलला म्हटलं,
"रात्री काही झालं तर सकाळी सांगत जा तिला,
तुझ्यामुळे नाही झालं.
नाहीतर पोरं सगळं स्वतःच्या नावावर लिहून घेतात."
मंगल भाजीची पिशवी
या हातातून त्या हातात घेत राहिली.
मार्चमध्ये पोरीला घेऊन भावाकडे गेली, हडपसरला.
दोन महिन्यांनी आली.
तो आता दर गुरुवारी कुठंतरी बोलायला जातो म्हणे.
कपाटाचं दार अजून वाजतं.
पण नुसतं दारच, बऱ्याचदा.

परवा माझ्या मुलाचा फोन. नाशिकहून.
खोली विकायचा विषय.
माझा आवाज चढला,
फोन ठेवला तरी चढलेलाच राहिला.

दार वाजलं. कडीच्याही खाली.

जुई. स्टीलची वाटी दोन्ही हातांत.
"साखर आहे का हो?"
अगदी माझ्याच सुरात.

"किती देऊ?"

तिनं वाटीत पाहिलं. मग माझ्याकडे.
"आधी मी आत येते," म्हणाली, "मग बघू."

मी बाजूला झाले.
मुंग्यांची रांग चुकवत
ती चवड्यांवर चालत गेली
मशीनपाशी.