ढबू

वहीचं पहिलं पान ऐनापुरे मॅडमनी आखून दिलं:
काय खाल्लं, किती वाजता,
झोप किती, अभ्यासाला बसला किती मिनिटं.
शेवटचा रकाना मी वाढवला,
कोण काय बोललं.

पहिल्या आठवड्यातच तो भरला.
सासरे: अकरा बदाम, पहाटे, सोलून.
कुसाळे वहिनी: ब्राह्मीच्या गोळ्या, दुधातून.
वर्गबाई: साखर बंद करा, मग बघा.
(मी मार्केट यार्डात गुळाच्या पट्ट्या लिहिते.
तीस-तीस किलोचे रवे दिवसभर समोरून जातात,
घरी येईस्तोवर ओढणीला मुंग्या.)
आणि पाचवी ब च्या भिंतीवर, खडूनं,
हात कुणाचा ते कळलं नाही:
ढ.

नाव ठेवलं होतं धैर्यशील.
आत्यानं कानात सांगितलं तेव्हा
हूं की चूं न करता ऐकला.
तेवढंच.
आता फळ्यावरचं वाक्य अर्ध्यात सोडून
खिडकीतल्या कबुतराच्या पायाची दोरी बघतो.
ती दोरी वर्गात
दुसऱ्या कुणालाच दिसली नव्हती.

ह्यांचं वय तालमीत गेलेलं.
गंगावेशीत कट्ट्यावर उभं करून
म्हशीची धार थेट पेल्यात:
"पी रं. डोकं चालंल."
प्यायला. मिशी आली फेसाची.
डोकं चालतच होतं त्याचं,
थांबत नव्हतं, हे कुणाला सांगू.

मग रक्त तपासलं. लोह कमी.
मेथीवर लिंबू पिळा, जेवणावर चहा नको,
सकाळी रिकाम्या पोटी शाळेला धाडू नका.
मी विचारलं, एवढं केलं तर बसेल का हो एका जागी?
मॅडमनी पेन खाली ठेवलं.
"जेवणानं पोरगं दुसरं होत नाही, ताई.
पण उपाशी असलं की
आहे तेवढंही त्याच्या हाताला लागत नाही."
हे शेवटच्या रकान्यात लिहिलं,
खाली दोन रेघा ओढल्या.

नाचणीची आंबील: नको. थोडी. नको.
उकडलेलं अंडं: पांढरं खाल्लं, पिवळं मांजराला.
मंगळवारी नऊ तास झोप, बुधवारी शाळेतून चिठ्ठी.
गुरुवारी काहीच लिहिलं नाही, मी रडले होते.

ह्यांचा टेम्पो रत्नागिरीला गेला की
येताना बर्फातले बांगडे येतात.
त्या रात्री तो ताटावर वाकला
आणि एकेक काटा वेगळा काढून
ताटाच्या कडेला उभा मांडत गेला,
आख्खा सांगाडा, शेपटीपर्यंत, एक न मोडता.
चाळीस मिनिटं.
मी घड्याळ बघत होते, श्वास धरून.
ही मिनिटं कुठं मांडायची?
अभ्यासात मांडली.

शनिवारी शिरढोणे बाईंकडे जातो.
त्यांच्या आडनावातच ढ आहे,
हे त्यानंच शोधलं.
बाई म्हणाल्या, बाकीची अक्षरं
ब्राह्मी लिपीपासून वाकली, मोडली, बदलली.
ढ तेवढा होता तसाच राहिला.
त्यानं बराच विचार केला.
"मग ढ नं काय खाल्लं असंल?"
बाई हसल्या, मीही.
तो हसला नाही. त्याला खरंच हवं होतं उत्तर.

काल बाजाराची यादी त्याला लिहायला दिली.
मेथी उलटी पालटी, पण मेथी.
लिंबू पाच, पाचाचं तोंड भलतीकडं.
आणि शेवटी, दाबून, कागद फाटेपर्यंत:
डबू पावशेर.

कपिलतीर्थ मार्केटात यादी त्यानंच पुढं केली.
भाजीवाल्या मावशीनं चष्मा वर ढकलला,
वाचली,
आणि न विचारता तराजूत टाकल्या
चार ढबू मिरच्या.

भाजी बेसन लावून केली.
निम्मी ताटात राहिली.
तेही लिहिलं.