इथून हाक मारा

कर्वे रस्त्याला, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर
तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
आमचं म्हणजे कुणाचंच नाही.
खुर्ची दिवसाला चारशे, चहा त्यात, जीएसटी वेगळा.
मी इथला खुर्च्यांचा हिशेब ठेवतो.

खिडकीशी हेमांगी ढमढेरे:
शहरातल्या माणसांना खेड्यातल्या घरात
रात्रभराची जागा मिळवून देते, फोनमधून.
तिच्या पाठीला पाठ मुदस्सर इनामदारची,
तो जिपांच्या रिकाम्या सीटा विकतो.
खांबाआड सुहृद टिल्लू. नकाशे. बोलत नाही.

भिंतीवर हातभर अक्षरांत ‘एकत्र येऊ, पुढे जाऊ’,
मालकांच्या मेव्हण्याने रंगवलेलं.
आठ महिन्यांत तिघं एकत्र आले ते
एक्स्टेन्शन बोर्डाच्या शेवटच्या सॉकेटसाठी,
आणि मायक्रोवेव्हपुढे, डबा आधी कुणाचा म्हणून.
टेबल एकच, पण त्यावर
न दिसणारे बांध.

मंगळवारी सव्वादहाला मालन कचरे आल्या.
वेल्ह्याहून पहिल्या एसटीने स्वारगेट,
तिथून विचारत विचारत.
हातात एक बूट. महागाचा, एकटाच,
नाडी शेळीने खाल्लेली.
तो त्यांनी लॅपटॉपांच्या मधोमध ठेवला.

‘रातच्याला साडेअकराला सात मानसं
माज्या शेरडांच्या गोठ्यात शिरली.
म्हनं, मोबाइल म्हनतोय हेच घर.
येक शेरडी गाभन हाय माजी,
तिला काय सांगू? मोबाइल म्हनतोय?’

हेमांगीने हेडफोन काढले. पत्ता तिने बरोबर दिला होता.
टिल्लूने टाचणी जुन्या सर्व्हे नंबरावर टोचली होती.
मुदस्सरची जीप घाटात दोन तास अडली,
पण त्या घरचा नंबर त्याच्याकडे नव्हता.
‘माझ्याकडे होता,’ हेमांगी म्हणाली.
‘मग द्यायचास की.’
‘तू कधी मागे वळून बघितलंस?’

त्या दोन पाठींमधलं अंतर
भाडं ठरवताना मी टेपने मोजलंय.
अडीच फूट.

बाईंनी खुर्चीवर हात ठेवला. ‘हिचं किती?’
चारशे.
‘जेवून?’
नाही.
‘निजायला मिळतं?’
नाही.
‘माज्याकडं चारशेत भाकरी, कोरड्यास, पांघरून,
आन सकाळचा च्या.’
मी गप्प राहिलो. दर मी ठरवत नाही.

स्क्रीनला बोट लावलं तर डोंगर सरकून गेला,
म्हणून त्यांनी माझी पावतीवही ओढली.
मागच्या कोऱ्या बाजूला ओढा, उंबर, खळं,
मग गोठा, आणि गोठ्याच्या वर, जरा तिरकं, घर.
‘उंबराच्या फुडं रेंज न्हाई.
तितनं हाक मारायची. मी येते बत्ती घेऊन.’

टिल्लू खांबाआडून उठून आला.
‘हाक किती मीटर पोचते?’
‘वारं कुटलं हाय त्यावर.’

हे कुठल्याच रकान्यात बसेना.
मुदस्सर म्हणाला, ड्रायव्हरला हॉर्न मारायला सांगतो.
‘हॉर्न नगं, शेरडं बुजत्यात. तोंडानं.’
हाकेला नकाशात चिन्ह नसतं.
हेमांगीने एक उघडं तोंड काढलं,
ते बेडकासारखं दिसलं, बाई हसल्या,
तेच ठेवलं.

दुपारी डबे कुणी गरम केले नाहीत.
चारच्या एसटीला बाई गेल्या.
उंबराशेजारी आता नकाशात तीन शब्द आहेत,
आणि ते वाचले की जीपवाल्याच्या फोनवर
मालनबाईंच्या भाच्याचा नंबर उमटतो,
तो गावाबाहेरच्या टपरीवर असतो, रेंजमध्ये.

मी वहीत लिहिलं: कचरे, मालन, एक दिवस.
रकमेपुढे काय लिहावं सुचेना.
मालक विचारतील.
पावतीही फाडता येईना,
तिच्या मागे ओढा होता.

बूट अजून टेबलावर आहे, मागायला कुणी आलं नाही.
मुदस्सरने खुर्ची फिरवून घेतली आहे,
आता त्याची वायर पोचत नाही.
लांब एक्स्टेन्शन बोर्ड आणायचाय,
बुधवारी, तपकीर गल्लीतून.