थेंब टाकल्यावर

अकरा वर्षं झाली, परभणीच्या सरकारी दवाखान्यात
मी डोळ्यांत थेंब टाकते.
वर बघा बाबा. मिटा. चोळू नका.
अर्ध्या तासात बाहुली पसरते,
बुबुळाचं नुसतं कंकण उरतं.

सुमेध पहाटेच्या गाडीनं उतरला,
संभाजीनगरहून, कुणाच्या तरी वाढदिवसाहून,
स्टेशनच्या ट्यूबलाइटखाली हसला,
"ताई, काय बघायलीस एवढं?"

तुझ्या डोळ्यांत कुणी टाकले थेंब?

हे विचारलं नाही मी.
स्कूटीला किक मारली.

डिसेंबरातली परभणी. नळाखाली बोटं मरतात,
आणि ह्याचा शर्ट पाठीला चिकटलेला.
तांब्यावर तांब्या पाणी.
तोंडात काही नसताना जबडा चालूच,
रवंथ करणाऱ्या वासरागत. मी हसणारच होते,
तेवढ्यात त्याच्या दातांवर रक्त दिसलं.
घोंगडीवरून हात फिरवत बसला,
"किती मऊ आहे गं ही,"
टोचते म्हणून जिला लहानपणी लाथाडायचा, तीच घोंगडी.
मग आईचे पाय धरले. लई जीव आहे म्हणाला तुझ्यावर.
आई भुलली. जवसाची चटणी कुटायला उठली.
शहरात राहून लेकरू मायाळू झालं, म्हणाली.

खिडकीचा पडदा त्यानं तीनदा ओढला.
उजेड त्याला लागत होता,
ठेच लागावी तसा.

दोन दिवसांनी माया उतरली.
भिंतीकडं तोंड. ताट तसंच.
आईनं हाक मारली तर अंगावर आला.
पँट धुताना खिशात चांदीच्या कागदाची घडी,
घडीत नखाएवढा चौकोन, त्यावर छापलेला मोर.
बस्स, मोर.
मी तो ओल्या हातानं धरून
मोरीत कितीतरी वेळ उभी.

रात्री बॅटरी घेऊन त्याच्या उशाशी बसले.
वर बघ.
बाहुली आकसली. तिळाएवढी, आपली, जुनी.
त्याला कळलं, मला कळलंय.
"दोनदाच," म्हणाला.
बाहेर कुत्रं भुंकून थांबलं.
"चारदा."
पुढचा आकडा मी मागितला नाही.

आमच्याकडं एक नियम आहे,
थेंब टाकलेल्या माणसाला एकटं सोडत नाहीत.
केसपेपर हातात देण्याआधी मी रोज विचारते,
सोबत कोण आहे?

"झोप ताई," सुमेध म्हणाला, "सकाळी ड्युटी आहे तुझी."
मी बॅटरी विझवली.
उठले नाही.