फुलोऱ्याचा रकाना

आष्ट्याच्या कॉलेजात बाबालाल मुलाणी
तेहतीस वर्षं गवतं चिकटवायचे कागदावर.
प्रयोगशाळेतले शिपाई, हुद्दा तेवढाच.
लॅटिन नावं मात्र त्यांच्या तोंडात
सुपारीच्या खांडासारखी फिरायची.

गवती चहाच्या कागदावर
मूळ आहे, पेर आहे, पात आहे,
पात नि खोड जुळतात तिथली जिभलीसुद्धा
दोऱ्याचे टाके घालून बसवलेली.
फुलोरा : आणि पुढं कोरं.

"हे लवकर फुलतच नाही," ते म्हणायचे,
"आणि फुलाबिगर गवताची भावकी कशी ठरवायची?
शाळू हिचा चुलता, ऊस चुलतभाऊ,
हराळी जरा लांबची,
वेळू तर कधीच वेगळा निघालेला.
पण पंचांना दाखवायला कायतरी पायजे का नको?"

म्हणून मोरीमागं एक ठोंब राखला,
लाल चिंधी बांधून. कापायचा नाही.
पाहुणे आले की हसीनाभाभी
चिंधी सोडायच्या, चार पाती घ्यायच्या,
चिंधी परत बांधायच्या.

सात हंगाम असे गेले.
उसाला तुरे आले, पांढरे, रानभर.
त्यांच्याकडं बाबालाल बघायचे
दुसऱ्याच्या मांडवात उभं राहून बघावं तसं.

काल मी गेले. भाभींनी कप पुढं केला.
बोटाला पात लागलेली, बारीक लाल रेघ.
"उसाची न् हिची धार एकच, बघ,"
म्हणाले, आणि चष्मा कपाळावर सरकवून
भाभींच्या बोटावरची ती रेघ
भिंगातनं बघत बसले,
चहा निवेपर्यंत.