न बोलणारा के

मंगळवार आणि गुरुवार, साडेसात.
इंटरनॅशनल सिटी, चायना क्लस्टर, दुसरा मजला.
लिफ्ट बंद असली की जिन्यात
कुणाच्या तरी तांदळाच्या गोणीला टेकून दम खाते.
दारावर सोनेरी अक्षरांचा लाल कागद,
त्याखाली पेनाने लिहिलेली चिठ्ठी: डोअर.

घरभर यूछनच्या चिठ्ठ्या.
बापाच्या दिव्यांच्या दुकानातली उरलेली लेबलं,
पुढे वॅट आणि व्होल्ट, मागे शब्द.
एसीवर रिलेंटलेस.
फ्रिजवर पेरिशेबल.
खिडकीवर हेझ, आणि बाहेर खरोखरच तेच,
ऑगस्टची धूळ, समोरची इमारत
पाटीवर ओला हात फिरवावा तशी अर्धी पुसलेली.
बापावर चिठ्ठी नाही.
तो घरी असतो कुठे चिकटवायला?

आजचा उतारा: इंग्लंडातलं खेडं, म्हातारा, फाटक.
खाली पाच प्रश्न, चार-चार पर्याय.
इंग्लंड मी पाहिलेलं नाही, त्यानेही नाही.
तो ओळीखालून बोट सरकवत वाचतो,
के-नाइफ, म्हणतो, आणि थांबतो.
के बोलत नाही, मी सांगते.
मग लिहितात कशाला?

हेच मी बच्छाव सरांना विचारलं होतं,
सटाणा, सातवी ब. उत्तरादाखल डस्टर मिळालं.
आमच्यात लिहिलेलं अक्षर गप्प बसत नाही,
पाय मोडलेलं असलं तरी अर्धं का होईना बोलतंच.
त्याच्या अक्षरांना तर वर सूरही लागतो;
माझ्या तोंडून त्याचं नाव
अजून कुठल्याशा भाजीचं निघतं म्हणे.
पूर्वी बोलत असेल तो के, मी म्हटलं.
आता नुसता सोबतीला.

सोबतीला त्याची आई असते.
टेबलाच्या कडेला, शेंगा सोलत,
पूर्ण दीड तास. एक शब्द नाही.

रिलक्टंटली. म्हाताऱ्याने फाटक लावलं, रिलक्टंटली.
अनविलिंगली, मी समजावलं.
त्याने तेही उतरवून घेतलं, तसंच, न कळता.
मग मला आपलंच आठवलं: जिवावर येणं.
काम एवढंसं, आणि येतं थेट जिवावर.
डिक्शनरी हातात धरून दाखवलं, हे काम,
मग ती छातीवर ठेवली, हा जीव.
तो हसला. जरा वेळाने म्हणाला,
बाबा रात्री दहाला शटर ओढतात,
पण गुडघ्याइतकं उघडं ठेवतात.
गिऱ्हाईक वाकून येईल म्हणून.
हेच, मी म्हणाले. अगदी हेच.

माझं उदाहरण मी दिलं नाही.
शुक्रवारचा फोन, लेक म्हणते ठेवते हं,
मी म्हणते ठेव,
आणि पुढची कुणीच न ठेवलेली दोन मिनिटं.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.
तिने काही विचारलं, त्याने सांगितलं.
ती पुन्हा शेंगांत.

चाचणीत यूछनला वीसपैकी अकरा.
फाटकाचाच प्रश्न चुकला.
पर्याय क: म्हातारा आळशी होता.
मला बच्छाव सर आठवले, डस्टर मात्र नव्हतं.

या गुरुवारी दार आईने उघडलं.
हातात एक लेबल. मागचं अक्षर त्याचं नव्हतं,
गिरवून गिरवून कागद खरवडलेला.
त्याच्याकडे न बघता ती म्हणाली,
ही इज रिलक्टंट. टुडे.
आतून तो चिनीत ओरडला.
मी चपला काढेपर्यंत
तिने लेबल खिशात सारलं,
अर्धं कलिंगड ओढून घेतलं,
ओट्यावर काही शोधलं, सापडेना,
म्हणून माझ्याकडे वळून,
नाइफ? म्हणाली,
के गाळून, अगदी बरोबर.