पोटखराब

सोलापूरच्या अभिलेख खोलीतून
तीन नकाशे आणलेत मी पिशवीत घालून:
एक कापडावरचा, घडीवर विरलेला,
एक बहात्तरच्या दुष्काळानंतरचा,
आणि एक परवाच उपग्रहानं धाडलेला.
तिन्हींत गट तोच. एकशे एकोणचाळीस.
माणकाठ, तालुका सांगोला.

कापडी नकाशात माळाच्या अंगावर
कुणीतरी बोरूनं लिहून ठेवलंय: पोटखराब.
म्हणजे सारा नाही, पेरा नाही,
मेंढरं हिंडावीत, होले बसावेत, बस्स.
खाली नदीच्या वळणात मात्र
शेतं अशी दाटीनं, जशी
एका वाकळेखाली नऊ भावंडं.
काळी तिथं दोन पुरुष खोल.
ती आली कुठून, ते नकाशात नाही.
बिरा लवटेची आई सांगते,
"माळानंच दिली की. पावसागणिक मूठ मूठ.
थोरल्यानं झिजायचं, धाकट्यानं बाळसं धरायचं."

दुसऱ्या नकाशात शेतं उताराला लागलेली.
वळणात जागा उरली नव्हती,
वाटण्या होऊन होऊन बांधच जास्त झाले होते.
मग आडव्या ताली, दगडांच्या,
तालीमागं साठलेली वीतभर माती,
आणि त्या वीतभर मातीला
एक नवा पोटहिस्सा, एक नवं नाव.
माथा तेवढा तसाच. उघडा. पांढुरका.

यल्लाप्पा चेनमन, ज्यानं मला साखळी धरायला शिकवलं,
म्हणायचा, "पोरी, मोजणीआधी तांब्या उपडा कर.
पाणी जिकडं जाईल, शेत तिकडंच जाणार."

आज खांद्यावर रोव्हर आहे, तांब्या नाही.
बाटलीच उपडी केली मी माथ्यावर.
पाणी गेलं खालीच, नेहमीच्या वाटेनं,
मुरमातून, चिल्लारीच्या बुडाला वळसा घालून.
पण तिसऱ्या नकाशात शेतं वर आलीत.
माथ्यावर निळे चौकोन, कागद अंथरलेली तळी,
आणि मुरमात डाळिंबाच्या ओळी,
कंगव्यानं भांग पाडावा तशा.
डाळिंबाला पाय ओले चालत नाहीत.
जे माळाचं वैगुण्य होतं,
तेच आता बाजारात किलोवर विकलं जातं.

आणि वळणातली काळी?
कालव्याचं पाणी आलं ते परत गेलंच नाही.
वर मीठ फुटलंय, पायाखाली पापुद्रा वाजतो,
वेडी बाभूळ सोडून कुणी उभं राहत नाही.
"चोपण झाली," बिरा म्हणतो,
घरातल्या आजाऱ्याविषयी बोलावं तितक्या हळू.

मी यल्लाप्पाला मनातल्या मनात म्हणते,
चुकलास. मग बघते, वरच्या चार ओळी
तेल्या पडून उपटलेल्या,
त्या खड्ड्यांतला लाल मुरूम
परवाच्या वळवानं ओघळून
तालीपाशी येऊन थांबलाय.
ताल एका जागी फुटली आहे.

तक्त्यात एकच रकाना आहे.
"कशाला लिहायचं आता पोटखराब?"
म्हातारी विचारते, काठीनं
आधी माथा दाखवते, मग वळण,
मग काठी तशीच मधे धरून ठेवते.

ऊन चढतंय. यंत्र टुक टुक करतंय.
मी पेन खिशात ठेवते
आणि पेन्सिल काढते.