हातचा

पारोळ्याच्या शाळेत, कपाटामागच्या बाकावर
हर्षाली भोई टॅबला विचारते,
हातचा एक गेला कुठे.
तो सांगतो.
ती पुन्हा विचारते.
नऊ वेळा झालं. दहाव्यांदाही आवाज
पहिल्याइतकाच मऊ,
आता काडीपेटीतल्या काड्या मांडून.

मी दाराशी, मुठीत खडू.
माझा तिसऱ्या वेळेलाच सुटतो,
वर्गाला माहीत आहे.

ती इकडंतिकडं बघते. मी दिसत नाही.
मग हळूच, घरच्या बोलीत:
‘तुले राग नही येस का?’

पडद्यावर गोल फिरत राहतं बराच वेळ.
‘माफ कर, मला समजलं नाही.’

मला समजलं.
खडू खिशात टाकून
तिच्या बाकावर टेकतो.
‘माले येस व माय,
भलता येस.
दखाड, कोठे अडकनं?’